ब्रेकचा सप्पळ

ब्रेक दाबला की ‘कींsss’ असा आवाज यायला लागला, की बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. काच वर घेऊन गाणी लावतात, नाही तर गॅरेजमध्ये जाऊन ‘एवढा आवाज घालवा हो’ म्हणतात. आवाज का येतोय, हे विचारायचं राहूनच जातं.

आमची छोटी गाडी मुलगी चालवते. बेळगाव ते खानापूर, रोजची नोकरीची ये-जा. पावसाळा संपता संपता गाडी किंचाळायला लागली. तेवढ्यात मेव्हण्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, गोव्यात. म्हणजे जांबोटी, कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाट. गाडीत पाच माणसं, त्यांत सासूबाई आणि आहेराच्या पिशव्या. मेव्हणे म्हणाले, “ब्रेक लागतोय ना भावजी? मग आवाजाचं काय घेऊन बसलात?” एका गॅरेजमध्ये पॅडवर पॉलिश पेपर मारून दिला. चार दिवस शांतता, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

मग सौ.ने ओळखीतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे नेलं. ते कन्नड बोलणारे. त्यांनी हातात पाना घेतला नाही. आधी विचारलं, “सप्पळ यावाग बरतैत्री?” आवाज नक्की केव्हा येतो? सकाळी पहिल्यांदाच, की दिवसभर? मुंद, की हिंद? हळू दाबल्यावर, की जोरात? डॉक्टर पोटदुखीची चौकशी करतात, तशीच ही चौकशी. उत्तरं मुलीने दिली, कारण रोज ऐकणारी तीच. आवाज दिवसभर, पुढे डावीकडून, हळू दाबला की जास्त. आणि आठवडाभरापासून ब्रेक न दाबताही बारीक ऐकू येतो. हे शेवटचं ऐकून मेस्त्रींनी मान हलवली आणि जॅक मागवला.

चाक सुटेपर्यंत त्यांनी जे समजावलं, ते प्रत्येक गाडीवाल्याच्या उपयोगाचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम असतात. पुढच्या चाकाबरोबर बिडाची डिस्क फिरते. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखी धरतात, की गाडी थांबते. धरताना पॅड थरथरलं, की तीच थरथर आपल्याला किंचाळी म्हणून ऐकू येते.

रात्रभर पाऊस पडला की डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला आवाज येतो आणि जातो. त्याची काळजी नको. घाटात सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग ते किंचाळतं. मागून आवाज येत असेल, तर ड्रममध्ये लायनरची धूळ साठलेली असू शकते. काही पॅडना पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजत आलं, की ती पट्टी डिस्कला घासते आणि मुद्दाम ओरडते. ही कंपनीने करून ठेवलेली सोय आहे. आणि किंचाळी जाऊन ‘खर्रर्र’ सुरू झालं, तर लोखंडावर लोखंड घासतंय असं समजावं. मग गाडी तिथेच थांबवायची.

आमचं चाक सुटलं. बाहेरचं पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक होतं. मेव्हणे सोबत होतेच. “बघा, म्हटलं नव्हतं?” मेस्त्रींनी काही न बोलता आतलं पॅड काढून त्यांच्या हातावर ठेवलं. जेमतेम दोन मिलिमीटर मसाला उरला होता. तीन मिलिमीटरच्या खाली गेलं की पॅड बदलायचं असतं. चाकाच्या फटीतून डोकावलं तर सहसा बाहेरचंच पॅड दिसतं. आतलं झिजतंय, हे कळायला आवाजाशिवाय दुसरी खूण नव्हती.

झिजलं का, तेही सापडलं. कॅलिपर ज्या पिनांवर पुढेमागे सरकतो, त्यातल्या एकीचं रबर फाटलं होतं. पाणी शिरलं, पिन गंजली, कॅलिपर अडकला, आणि आतलं पॅड सुटेना. ते दिवसभर डिस्कला टेकूनच राहिलं.

दुरुस्ती तासाभराची. पिन घासून साफ केली, उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस लावलं, नवं रबर बसवलं. पॅड मात्र पुढच्या दोन्ही चाकांची बदलली. एकाच बाजूची बदलली तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घेतलं. नवी पॅड बसल्यावर हे विसरलं, तर पहिला ब्रेक लागतच नाही.

आवाज बंद करायला ब्रेकवर तेल सोडणारे महाभागही असतात. तेलाने आवाज जातो, पण ब्रेकही जातो. ग्रीस पिनेला आणि पॅडच्या पाठीला, तेही बेताने. घासणाऱ्या बाजूला थेंबही नको. घरी चाक काढून नुसतं पाहायचं असेल, तर जागा सपाट हवी, बाकीच्या चाकांना दगड हवेत, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली अंग घालायचं नाही. ब्रेकची धूळ फुंकू नये, ती छातीत जाते.

पुढचे काही दिवस मुलीने मोकळ्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक दाबून पॅड रुळवून घेतली. चोर्ला उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवली, वेग इंजिननेच धरला आणि ब्रेकला मधेमधे विसावा मिळाला. सासूबाई केरीपर्यंत झोपल्या होत्या. परतताना मेव्हण्यांनी स्वतःच्या गाडीचं विचारलं. मुलगी म्हणाली, “मामा, आधी सांगा, सप्पळ यावाग बरतैति?”