पांढरं उखळ

साताऱ्याहून मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्याला लागून, मेढ्यातच, एक जुनं घर आहे. घराला अंगण आहे, अंगणाला कुंपण नाही. त्या अंगणाच्या तोंडाशी उखळ बसलेलं असतं. काळ्या दगडाचं, गुडघ्याएवढं, पोट सुटलेलं, वर आ वासलेलं. अंगाला चुना. रात्री गाडीच्या उजेडात दिसावं म्हणून दर दिवाळीला आजी भिंतींबरोबर त्यालाही पोतारतात. या घराचं उखळ पांढरं झालं ते एवढंच. आजोबांचं आयुष्य मुंबईत माथाडी कामगार म्हणून गोण्या वाहण्यात गेलं.

रस्त्याकडेची नोकरी उखळाला उतारवयात लागली. त्याआधी ते ओसरीच्या जमिनीत गाडलेलं होतं, घराला ठाऊक होतं ते फक्त त्याचं तोंड. हा जावळी तालुका म्हणजे भाताचा मुलूख, त्यामुळे त्या तोंडात कांडण पडायचं. पुढे गिरणी आली आणि मिरची-हळदीपुरतं काम उरलं. मग मुंबईच्या पैशातून ओसरीला फरशी बसली, उखळ उकरून काढलं, तेव्हा कुठे घराला कळलं की आपण इतकी वर्षं केवढ्या ऐवजावर बसून जेवत होतो. टाकून देणं शक्यच नव्हतं. घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्यात कांडली गेली होती. परसात, पाण्याच्या टाकीशेजारी, ते बरीच वर्षं बेकार बसलं.

इकडे अंगण मात्र भलतंच कामाला लागलं होतं. २०१२ साली पश्चिम घाटातली ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत कासचं पठारही होतं. भादव्यात फुलं बघायला गर्दी एवढी लोटू लागली की पठारावर माणसं मोजून सोडायची वेळ आली आणि ऑनलाइन आरक्षण सुरू झालं. फुलांना आरक्षण मिळालं, अंगणांना कोण देणार? एमएच १२ आली, १४ आली, गौरी-गणपतीला वाशीची ४३ आली. पसरणीचा घाट तुंबला की महाबळेश्वरकडची मंडळी केळघर घाटाने उतरतात आणि मेढ्यात चहाला थांबतात. थांबायचं म्हणजे गाडी कुठेतरी लावायची, आणि ज्याला कुंपण नाही ते कुणाचंच नाही, असा चारचाकीचा समज असतो.

परगावच्यांना तरी का बोल लावा! मेढा तालुक्याचं ठिकाण. तहसीलला येणारा माणूस सकाळी गाडी लावतो ती दुपारी जेवूनच काढतो. असाच एकजण शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून अर्ज द्यायला आला होता. अर्ध्या फुटासाठी तो दोन वर्षं हेलपाटे घालत होता, आणि त्याची जीप आजींच्या तुळशीपासून हातभर अंतरावर उभी होती. आजोबांनी हटकलं तर म्हणाला, "पाच मिण्टं, दादा. ह्यो कागद द्येतो अन् आलोच." त्याच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता.

आधी पाटी लावून पाहिली. 'खाजगी जागा, गाडी लावू नये.' लोक ती वाचून गाडी लावत, एकानं तर तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला. टायरची हवा सोडायचा सल्ला नातवाला गावभर मिळाला, पण टायरला खिळा लावला की आगळीक तुमची ठरते आणि चोराच्या उलट्या बोंबा ऐकाव्या लागतात. पोलीस रस्त्यावरची गाडी उचलतील, अंगणातल्या गाडीला हात लावायला कचरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आगळिकीची, गृहअतिक्रमणाची, साध्या अतिक्रमणाचीही कलमं आहेत. साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी दंड ५०० होता. पण त्यासाठी गुन्ह्याचा, निदान त्रास देण्याचा तरी हेतू दाखवावा लागतो, आणि वडापाव खायला उतरलेल्या माणसाचा हेतू वडापावच असतो.

तेव्हा उखळाला परसातून बोलावणं आलं. आजोबांनी ते उचललं नाही. कडेवर कलवलं, जरा फिरवलं, पुन्हा कलवलं, असं चालवत आणलं. ओझ्याशी भांडायचं नसतं हे माथाडीला शिकवावं लागत नाही. जागा मात्र मापून दिली. ते पुरतं अंगणात आहे, रस्त्यावर बोटभरही नाही. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने तहसीलदार अडथळा काढायला लावतो, आणि हा तहसीलदार तर हाकेच्या अंतरावर!

पाटीला जमलं नाही ते उखळाला जमलं, कारण त्याच्या अंगात राग नाही. ते कुणाला मनाई करत नाही, नुसतं बसतं. गाडीवाल्याला काच खाली करावी लागते, मग उतरावं लागतं, आणि एकदा उतरला की दाराशी येऊन हाक मारावीच लागते. "काका, जरा लावू का गाडी?" मला वाटतं सगळी तक्रार मुळात एवढीच होती. पूर्वी अंगणात पाऊल टाकणारा खाकरायचा, "हाय का कुणी?" म्हणायचा. गाडी खाकरत नाही. विचारणाऱ्याला आजोबा सहसा नाही म्हणत नाहीत. स्वतः उठतात, उखळ चालवत बाजूला घेतात, वर पाण्याचं विचारतात.

अलीकडे नातीचं लग्न झालं. उखळ खरवडून, धुऊन, हळदीसाठी आत गेलं. दोन दिवस अंगण सताड उघडं, पाहुण्यांच्या गाड्या खेटून उभ्या. वऱ्हाड निघालं तरी एक पांढरी गाडी जागची हलेना. मुलीकडच्यांना ती मुलाकडची वाटली होती, मुलाकडच्यांना मुलीकडची. दिवेलागणीला टोपी घातलेला एक तरुण किल्ली फिरवत आला.

"तुम्ही कुणाकडचे?" आजींनी विचारलं.

तो गडबडला. "मी... कासकडून आलो."

"जेवलात का?"

"दुपारीच जेवलो की, मावशी. इथंच. जिलेबी छान होती."