शून्य आणि नल

जुलै आला की चहाच्या टपरीवर एकच विषय : रिटर्न भरलं का? आपण पगारवाले तसे सुखी. खरी मजा येते गावाकडच्या माणसांचं रिटर्न भरताना.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, नांदेडला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. पेन्शन, लातूर जिल्ह्यात औशाजवळ थोडी शेती आणि २००५ मध्ये घेतलेले काही शेअर्स. त्यांचं रिटर्न मी भरतो. शेतीचं, डिव्हिडंडचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्याला टॅक्स नसतो रे. कशाला दाखवायलास?"

आता तात्यांना अगदीच चूक म्हणवत नाही. ३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंडवरचा कर कंपनीच भरायची. वर्षभराहून जास्त ठेवलेले शेअर्स बाजारात विकले तर नफा ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत करमुक्त होता. शेतीचं तर विचारूच नका. इतकी वर्षं असं ऐकल्यावर 'करमुक्त' म्हणजे 'सांगायचं नाही' हे डोक्यात पक्कं बसणारच.

पण मंडळी, शून्य आणि नल यांतला फरक आपल्याला कोणी सांगायला नको. करमुक्त म्हणजे कर शून्य. न दाखवणं म्हणजे रकानाच रिकामा.

डिव्हिडंडचं बघा. एका कंपनीने १२,००० रुपये दिले. वर्षाला १०,००० च्या वर (ही मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची, आधी ५,००० होती) म्हणून १० टक्के टीडीएस कापला. पासबुकात आले १०,८००. रिटर्नमध्ये दाखवायचे मात्र पूर्ण १२,०००, आणि कापलेले १,२०० आपल्या नावावर जमा धरायचे. एकूण कर लागत नसेल तर ते परत मिळतात. गप्प बसलात तर आपलेच पैसे सरकारकडे अडकले!

शेअर्सचं गणित जरा गंमतीचं. २० रुपयांचा शेअर २६० ला विकला, तर नफा २४० नाही. ३१ जानेवारी २०१८ चा भाव २०० असेल तर तीच खरेदी किंमत धरतात, नफा ६०. पाचशे शेअर्सचे ३०,००० झाले. सवा लाखापर्यंत असा नफा करमुक्त आहे, पण दाखवायचा असतोच. पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात ही विक्री आधीच आलेली असते.

आणि शेती? लातूरच्या आडतीवरची सोयाबीनची पट्टी, त्यातून बी-खत-मजुरी वजा. उरलेल्यावर कर नाही, पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजलं जाऊ शकतं. ५,००० च्या वर गेलं की सगळ्यात सोपा 'सहज' फॉर्मही चालत नाही.

तात्यांना नल समजावणं काही जमलं नसतं. म्हणून विचारलं, "तात्या, पोरगं शाळेत आलं नाही तर हजेरीपटावर काय करायचात?"

"गैरहजेरी मांडायची."

"चौकट मोकळी सोडली तर?"

"मग साहेब माझीच हजेरी घ्यायचा की!"

हसले, आणि आडतीच्या पट्ट्यांची पिशवी काढून दिली. रिटर्न मी भरत असलो तरी नाव त्यांचं लागतं, नोटीस आली तर त्यांच्या दारात येते. या शनिवारी घरी फोन कराल तेव्हा पासबुकाबरोबर ते विवरणही उघडायला सांगा. दोन्ही शेजारी ठेवून बघा.