अराडचा गाभारा

“दारफाळणीच्या सणाला आमच्यात कुणी घराबाहेर पडत नाही. पांढरे कपडे, कडक उपास, आणि दार लावून घ्यायचं,” अलिबागजवळच्या एका बेने इस्राएली ज्यू घरात आजी सहज बोलून गेल्या. हा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. त्या बंद दारांनी मला या दिवसाचा विधी सांगणाऱ्या, बायबलमधल्या लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायाचं वेड लावलं आणि त्याच वेडापायी मी नेगेवच्या वाळवंटात तेल अराडला आलो.

जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी फार थांबलो नाही. तिथलं मंदिर रोमनांनी इ.स. 70 मध्ये जाळलं. त्याचा गाभारा आज दिसत नाही. अराडला मात्र यहुदा राज्याच्या सीमेवरच्या किल्ल्यात मंदिराचा आराखडा चालून पाहता येतो. बेअरशेबाच्या मुक्कामी रात्रभर एसी घरघरत होता, सकाळी नाश्त्याचाही पत्ता नव्हता. ती सगळी चिडचिड गाभाऱ्यासमोर गळून पडली.

पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनींनी 1962 साली इथलं उत्खनन सुरू केलं. अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, मग आडवं दालन, मग पायऱ्या चढून गाभारा. इतका लहान, की आत जेमतेम एक माणूस मावावा. दाराशी चुनखडीच्या दोन धूपवेद्या, मोठी 52 सेंटिमीटर उंच, धाकटी 40. त्यांवरच्या काळ्या थराचा अहवाल 2020 मध्ये आला : मोठीवर चरबीत मिसळलेला ऊद, धाकटीवर शेणात मिसळलेला गांजा.

लेवीय ग्रंथात महायाजक धुपाच्या दाट धुरातच पडद्याआड जातो. नाहीतर तो मरेल. मग गोऱ्ह्याचं आणि बोकडाचं रक्त शिंपडतो. दुसऱ्या बोकडाच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात पाठवतो. लेवीय ग्रंथाचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांचं म्हणणं असं, की हे रक्त माणसासाठी नसून जागेसाठी आहे. लोकांच्या पापांनी गाभारा मळतो, तो धुवावा लागतो. मला हे मनापासून पटतं.

म्हणूनच पुरातत्त्वज्ञ झेएव्ह हर्झोग यांच्याशी माझं जमत नाही. त्यांच्या मते इसवी सनापूर्वी आठव्या शतकात हिज्कीया राजाच्या धर्मसुधारणेत हे मंदिर बंद झालं. पण बायबलच्या ‘राजे’ ग्रंथात तर हिज्कीयाने पूजेचे स्तंभ फोडले असं लिहिलंय! इथल्या गाभाऱ्यातला पूजेचा स्तंभ मात्र अखंड सापडला. धूपवेद्या आडव्या निजवून वर माती घातलेली होती. हुकूम जेरुसलेमचा असेलही, हात मात्र इथल्या पुजाऱ्यांचे असावेत. आपली जागा कुणी विटाळू नये म्हणून त्यांनी ती झाकली असावी, असं मला तरी वाटतं.

किल्ल्यावर ठेवलेल्या वेद्या नकला आहेत. अस्सल वेद्या आणि तो स्तंभ जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये. पुढचा बेत मसादाचा आणि मृत समुद्राचा होता. तो रद्द केला आणि जेरुसलेमची बस धरली. त्या स्तंभाच्या कडा मला माझ्या डोळ्यांनी पाहायच्या होत्या.