‘नाही’ म्हणणाऱ्या नियतकालिकास

प्रिय ‘सोशिऑलॉजिकल सायन्स’ यांस,



मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. तुमची ओळख झाली ती एसटीत. केजहून अंबाजोगाईला जाताना मोबाइलवर तुमचा एक लेख उघडला आणि तो शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचता आला. पासवर्ड नाही, एका लेखासाठी तीस-चाळीस डॉलरची मागणी नाही. सारांश वाचायचा आणि उरलेल्या लेखाचा अंदाज बांधायचा, ही आमची वर्षानुवर्षांची सवय. २०१४ पासून तुम्ही प्रत्येक लेख सगळ्यांसाठी खुला ठेवलात आणि त्याचा हक्क लेखकाकडेच राहू दिलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार.

आज मात्र लिहिते आहे ती लेख पाठवू पाहणारी म्हणून.

माझा लेख ऊसतोडीतल्या बायकांवर आहे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती कोयत्यावर. बोलणी होतात नवऱ्याशी, पैसे पडतात त्याच्याच हातात. अंधारात उठून कोपीपुढे भाकरी थापणारी आणि मग दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या हिशेबात वेगळी दिसतच नाही. दिसते ती खाड्याच्या दिवशी. पाळीच्या दुखण्याने ती उठली नाही, की दंड कोयत्यावर चढतो. माणसं दोन, मोजणी एकाची, आणि तिच्या एका दिवसाच्या दुखण्याचाही हिशेब चोख. माझं सगळं म्हणणं ‘कोयता’ या एका शब्दात आहे.

हा लेख मी आधी दुसरीकडे पाठवला होता. अकरा महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. एकाला सिद्धान्ताची चर्चा वाढवून हवी होती, दुसऱ्याला ती कापून मुलाखती वाढवून हव्या होत्या. शिवाय ‘कोयता’ हा शब्द काढून त्याजागी ‘श्रम-एकक’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द घालावा, अशी सूचना होती. दोघांचंही समाधान करायचा प्रयत्न केला. पाच महिन्यांनी नकार आला. तोवर एक अख्खा गळीत हंगाम होऊन गेला होता, माझ्याशी बोललेल्या बायका पुन्हा फडावर जाऊन परतल्या होत्या, आणि लेखातलं माझं काय उरलं आहे ते मलाच ओळखू येत नव्हतं.

म्हणून तुमची रीत पटते. तीस दिवसांत निर्णय. छापायचं की नाही, एवढंच ठरवायचं. ‘सुधारून पुन्हा पाठवा’ म्हणत लेखकाला हेलपाटे घालायला लावायचे नाहीत. लेख ज्याचा, त्याचाच राहतो.

पण इथे एक पेच आहे. तुम्ही लेख घेतानाच लेखकाच्या पदानुसार शुल्क घेता, आणि स्वीकारल्यावर लांबीनुसार आणखी. झटपट निर्णय आणि वर शुल्क, ही आमच्याकडे बोगस नियतकालिकाची खूण झाली आहे. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जाऊ लागले तशी ही दुकानं गावोगाव निघाली. पैसे भरा, तीन दिवसांत निबंध छापून घ्या, सोबत प्रमाणपत्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आणली ती यांना आळा घालायला. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. आता चांगलं कोणतं हे ज्याचं त्यानेच ओळखायचं. मी ओळखते ते एका गोष्टीवरून: त्या दुकानांत पैसे भरलेल्याला कधीच ‘नाही’ म्हणत नाहीत. तुम्ही म्हणता. शुल्क घेऊनही म्हणता. माझ्या सहकाऱ्यांना हा फरक मी पुन्हा पुन्हा समजावून सांगते.

त्या ‘नाही’बद्दलच एक मागणं आहे. लेखाची पारख करायची, लेखकाला शिकवत बसायचं नाही, हे तुमचं धोरण. मोठ्या विद्यापीठातल्या लेखकाला ते चालून जातं. त्याचा मसुदा विभागातल्या चर्चासत्रात चार जणांनी वाचलेला असतो, परिषदेत दहा जणांनी खोडलेला असतो. आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राची शिक्षक मी एकटीच. माझा मसुदा माझ्याशिवाय कुणी वाचलेला नाही. त्या अकरा महिन्यांनी मला छळलं हे खरं, पण त्या अभिप्रायांतलं एक वाक्य मला आजही उपयोगी पडतं: मुकादम बाईशी थेट का बोलत नाही, हे विचारलंत का? मी विचारलं नव्हतं. पुढच्या हंगामात फडावर जाऊन विचारलं, आणि लेखाचा तिसरा भाग त्यातून उभा राहिला.

तेव्हा नकार द्या, तीस दिवसांतच द्या, पण लेख कुठे अडला ते दोन ओळींत नेमकं सांगा. पानभर नको. एकट्याने काम करणाऱ्या शिक्षकाला त्या दोन ओळींवर पुढचं वर्ष काढता येतं.

लेख पुन्हा लिहून झाला आहे. या आठवड्यात पाठवते आहे. शीर्षकात ‘कोयता’ हा शब्द तसाच ठेवला आहे.

आपली,
समाजशास्त्राची एक शिक्षिका