किती बाजू राहिल्या?

वॉकमन, आयपॉड, एमपीथ्री प्लेयर या मंडळींविषयी लोक भरभरून लिहितात, पण त्यांच्या गोतावळ्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. गोतावळा म्हणजे वायरी, पिना, कानावरचे ते काळे स्पंज, पेन्सिल सेल, एलिमिनेटर, कमरेला अडकवायचा चिमटा. यंत्र एकदाच विकत घेतलं जातं. संसार करावा लागतो तो या गोतावळ्याशी, असं माझं स्पष्ट मत आहे. (आमच्या घरात या विषयावर माझ्याइतकं मत कुणालाच नाही, त्यामुळे ते बिनविरोध मंजूर आहे.)

आमच्या घरी वॉकमन आला १९८७ साली. आप्पा तेव्हा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. गळीत हंगामात रात्रपाळी लागायची आणि पहाटे तीनच्या सुमाराला डोळा लागू नये म्हणून त्यांना काहीतरी हवं होतं. आत्याचे यजमान मुंबईत होते, त्यांनी मुसाफिरखान्यातून घासाघीस करून तो आणला. चंदेरी रंगाचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. रिवाइंडला सेल फार खातो म्हणून त्या बटणाला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता. कॅसेट उलटी गुंडाळायची ती पेन्सिलीवर, आणि ते काम दादाचं आणि माझं. साठच्या कॅसेटमध्ये साधारण ८६ मीटर फीत असते हे मला फार पुढे कळलं. तेव्हा फक्त मनगट दुखतं एवढं कळायचं. उतरलेले सेल आई गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवायची, मग ते अजून एखादी बाजू रेटायचे. हेड पुसायला कापसाचा बोळा आणि कोलन वॉटर. त्या वासानं मला अजून बाबूजी आठवतात. (बाबूजी म्हणजे सुधीर फडके. जन्म आपल्या कोल्हापूरचाच, १९१९ चा. हे इथं कुणाला सांगायची गरज नाही, पण पुण्याची मंडळीही वाचतात म्हणून सांगितलं :) )

साठच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. दिवसभर दुसऱ्यांच्या हजेरीचे तास मांडणाऱ्या आप्पांनी स्वतःच्या वेळेला मात्र हे माप लावलं. घरापासून रंकाळ्यावर जाऊन पदपथावर टेकायचं म्हणजे एक बाजू. सांगलीला एसटीनं तीन बाजू. आई माहेरी निघाली की "दोन कॅसेटीत परत ये," म्हणायचे. दोन कॅसेटीत काय होतंय, गडहिंग्लजला जाऊन यायचं होतं बाईला!

मध्यंतरी वॉकमनच्या जन्माची हकिकत वाचली. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला, तेव्हा त्याला हेडफोनची दोन भोकं होती. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी आपल्या आठवणींत त्याचं कारण सांगितलंय. नमुन्याचं यंत्र त्यांनी घरी नेलं आणि कानाला लावून बसले. बायको वैतागली, आपल्याला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं तिला. म्हणून दोघांसाठी दोन भोकं. नंतर लक्षात आलं की दोघांनी ऐकायचं ठीक, पण मध्येच काही बोलायचं असेल तर? म्हणून एक नारिंगी बटण बसवलं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून एकमेकांचं बोलणं दोघांच्या कानात जायचं. या बटणाचं नाव हॉटलाइन. पुढे झालं काय, तर लोकांना आपापलं एकट्यानं ऐकायचं होतं. ते बटण गेलं, दुसरं भोकही गेलं. २००१ साली हजार गाणी खिशात घेऊन आयपॉड आला तो एकाच भोकाचा. २०१६ साली त्याच कंपनीच्या फोनमधून ते एक भोकसुद्धा गेलं, आणि २०२२ साली आयपॉडही बंद झाला.

मला ही हकिकत आवडायचं कारण आता सांगते.

२०२२ च्या दिवाळीनंतर आप्पांचं डायलिसिस सुरू झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिल्या दिवशी सुया टोचून झाल्यावर त्यांनी तिथल्या मुलाला विचारलं, "किती वेळ हे?"

"चार तास, काका."

"म्हणजे आठ बाजू," आप्पा म्हणाले. तो मुलगा बिचारा माझ्याकडे बघायला लागला. आजोबांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा त्याचा चेहरा.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. डाव्या हातात दोन सुया असतात, तो हात चार तास हलवायचा नाही. उजव्या दंडाला बीपीचा पट्टा, तो दर थोड्या वेळानं आपोआप फुगतो. मशीनचा पंप एकसारखा घरघरत असतो, मधूनच कुठल्यातरी खाटेवरचा अलार्म वाजतो. अंगात थंडी भरते. भिंतीवर टीव्ही असतो, पण रिमोट ज्याच्या हाताशी त्याची मालिका बाकीच्या नऊ जणांनी बघायची. अशा माणसाला गाणं ऐकायचं तर काय लागतं? टचस्क्रीन नको. चष्मा काढून ठेवलेला, बोट भलतीकडे पडतं. लागतो तो बटणाचा मोबाइल. अंगठ्याला न बघता कळतं, हे पुढचं गाणं, हा आवाज. शिवाय वायरचे इयरफोन, कारण कानातून निसटले तरी छातीवर लोंबतात. बिनवायरचे खाटेखाली गेले की मला गुडघ्यावर बसावं लागतं, त्याला माझी ना नाही, पण चार तासांत किती वेळा? आणि आकाशवाणी लावायची तर वायर हवीच, त्या फोनमध्ये इयरफोनची वायर हाच रेडिओचा एरियल असतो. वॉर्डात सिग्नल येत नाही तो भाग वेगळा. खरखर ऐकून ऐकून आम्ही नाद सोडला आणि मेमरी कार्डावर आलो.

पूर्वी मोबाइलच्या दुकानांत "गाणी भरून मिळतील" अशा पाट्या असायच्या, आता ते काम माझं. आदल्या रात्री मी आठ फोल्डर भरते. बाजू १, बाजू २, अशी नावं. प्रत्येकात मोजून अर्धा तास. पहिली बाजू अभंगांची, तिसरी नाट्यसंगीताची, सहावीत लावण्या (कारण त्या वेळी झोप येते, असं कारण त्यांनी दिलं, मी मान्य केलं).

आणि एक दोन तोंडांची पिन. ऐंशी रुपयांची, इंग्रजी वाय अक्षरासारखी. एका तोंडात त्यांची वायर, दुसऱ्यात माझी. मोरितांची ती दोन भोकं मी ऐंशी रुपयांत परत आणली.

या पिनेनं काय केलं ते सांगायला जरा वेळ लागेल. आजारी माणसाशेजारी चार तास बसणाऱ्याची पहिली अडचण अशी की बोलणं संपतं. क्रिएटिनिन किती, पाणी किती प्यालात, वजन किती वाढलं, केळं कशाला खाल्लंत. बापाशी मी तपासनिसासारखी बोलायला लागले होते. पिन आल्यावर विषय बदलला. तबला मागे पडतोय का? ही ऑर्गनची जागा पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात होती का? एकदा तर ते शेजारच्या खाटेवरच्या मुलाला केसरबाई केरकरांची गोष्ट सांगत बसले. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात शिकल्या, पुढे अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. १९७७ साली अमेरिकेनं दोन व्हॉयेजर यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं, कसं वाजवायचं त्याची चित्रं कोरून दिली, फक्त प्लेयर तेवढा दिला नाही. "सामान सगळं पाठवलं आणि यंत्र तुमचं तुम्ही बघा म्हणाले," आप्पा म्हणाले. त्यातलं एक यान आता २,५०० कोटी किलोमीटरच्या आसपास गेलंय. मुलगा म्हणाला, "मग काका, ते किती बाजू लांब?" आप्पा जाम खूश.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका गुरुवारी पाचवी बाजू चालू होती. पंचगंगा पात्राबाहेर आलेली, वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या, गावाकडची माणसं पोचलीच नव्हती. आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होतो. आप्पांनी अंगठ्यानं आवाज कमी केला. पिन एकच, त्यामुळे माझ्याही कानात गाणं हळू झालं.

"हे किती दिवस चालवायचं गं?"

मी इयरफोन काढला नाही. काढला असता तर मला त्यांच्याकडे वळावं लागलं असतं, आणि वळले असते तर ते गप्प बसले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते हळू आवाजात बोलत राहिले. आपल्याला डायलिसिसचा त्रास नाही, पण उद्या काही झालं तर नळ्या घालून काचेआड ठेवायचं नाही. दादा पुण्याहून येईल, हट्ट करेल, त्याला तू सांगायचंस. घरी न्यायचं. आईच्या नावाची पासबुकं कुठल्या डब्यात आहेत. हे सगळं एका लावलेल्या गाण्याच्या आडोशानं. मी "हूं" म्हणत होते. मग म्हणाले, "लिहून देतो म्हणजे तुझ्यावर यायचं नाही." आणि अंगठ्यानं आवाज पुन्हा मोठा केला. त्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली, डॉक्टरांशी बोलणं झालं, दादालाही एक प्रत गेली. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून पार्सल आलं. कान पूर्ण झाकणारे बिनवायरचे हेडफोन, बाहेरचा आवाज बंद करणारे. किंमत मी इथं लिहीत नाही, आप्पा हे वाचतात. मला ते अजिबात आवडले नाहीत. अलार्म ऐकू यायला हवा, सिस्टरनं हाक मारली तर कळायला हवं, आणि मुख्य म्हणजे त्यांना दुसरं तोंड नव्हतं. पण वस्तू चांगली आहे हे मान्य करायला हवं. घालून पाहिले, तर तो पंपाची घरघर अशी गेली की जणू कुणी पंखा बंद केला.

आप्पांनी शांतपणे विभागणी केली. सात बाजू पिनेवर, आठवी दादाच्या हेडफोनवर. शेवटच्या अर्ध्या तासात बीपी उतरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, तोंड कोरडं पडतं आणि पाणी तर मागायचं नाही. "ही बाजू माझी मला ऐकू दे," म्हणाले. मी स्टूल थोडं मागे घेऊन वह्या तपासायला लागले. पोटरी चोळायची वेळ आली की ते बोटानं खूण करतात, बाकी डोळे मिटलेले.

काही आठवड्यांनी मी विचारलं, आठव्या बाजूत गाणी बदलू का, तीच तीच झाली असतील.

"लावत नाही काही. नुसतं शांत असतंय आत."

म्हणजे मी इतके दिवस मोजून अर्धा तास भरत होते तो फोल्डर कुणी उघडलाही नव्हता! तेव्हापासून सातच भरते. दादाला हे फोनवर सांगितलं तर त्याला इतका आनंद झाला की लगेच म्हणाला, पिनसुद्धा मी चांगल्यातली पाठवतो. पाठवलीही. सोन्याचा मुलामा दिलेली, व्हॉयेजरसारखी.

आता एक काम आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणाला जमलं तर बघा. माळ्यावरचा तो १९८७ चा वॉकमन मी खाली काढलाय. मोटर फिरते, हेड स्वच्छ आहे, पण आतला रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखा चिकट झालाय. जुना बेल्ट स्पिरिटनं पुसून काढलाय. नवा चौकोनी काटाचा लागतो, गोल चालत नाही, गाणं लडखडतं. ऑनलाइन मागवलेले दोन्ही सैल निघाले. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, कुठंही अजून टेप दुरुस्त करणारं कुणी बसत असेल तर खाली लिहा. शनिवारी सकाळी सातला आम्ही निघतो, त्याच्या आत हातात आला तर बरं. आप्पांनी पेटीतून कॅसेट आधीच काढून ठेवली आहे, पेन्सिलसुद्धा.