हाडातले पाट

गेल्या वर्षी अम्मी न्हाणीघरात घसरली. तोल सावरायला हात टेकला आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी डेक्सा तपासणी करायला लावली. हाडं ठिसूळ झाली होती. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं झिजतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग देवपूरच्या आमच्या घरात अम्मीची खिदमत सुरू झाली. सुनांनी भाजी निवडण्यापलीकडे काम ठेवलं नाही. मी नमाजसाठी खुर्ची आणली. प्लास्टर निघालं, मनगट जुळलं, तरी "अम्मी, तुम्ही बसून राहा" हेच आमचं सगळ्यांचं प्रेम.

हाड म्हणजे चुन्याचा खांब, अशी माझी समजूत होती. वाचायला लागलो तेव्हा ती मोडली. २०१४ साली 'नेचर'मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या माक्स प्लांक संस्थेतलं एक संशोधन आलं. अंजली कुसुंबे, सरवण रामसामी आणि राल्फ अ‍ॅडम्स यांचं. कुसुंबे हे आडनाव दिसलं की धुळेकराचे कान टवकारणारच, आमचं कुसुंबे सुरत रस्त्यावरच आहे. अंजली कुसुंबे यांनी त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात काम केलं होतं.

या मंडळींना उंदरांच्या हाडात एका खास जातीच्या बारीक रक्तवाहिन्या सापडल्या. हाड बांधणाऱ्या पेशी त्यांच्याभोवतीच जमतात. वय वाढलं की या वाहिन्या कमी होतात. २०१६ मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं: हाडातला रक्तप्रवाह मंदावला की नव्या वाहिन्या नीट वाढत नाहीत आणि हाडाची बांधणीही मागे पडते. ठिसूळ हाडांसाठी दिलं जाणारं बिस्फॉस्फोनेट हे औषध म्हाताऱ्या उंदरांना दिल्यावर हा प्रवाह वाढला.

मला नानांचं शेत आठवलं. पांझरेच्या बंधाऱ्यावरून पाट काढून फडाला पाणी मिळायचं. पाट गाळानं भरला की फड वाळायचा, माती कितीही चांगली असो. हाडांचंही तसंच. कॅल्शियम हवंच, पण पाटही वाहते हवेत.

अम्मीच्या हाडात काय चाललंय ते उंदरांवरून थेट सांगता येणार नाही. पण बसून राहिल्यानं हाडं आणखी झिजतात, हे डॉक्टर आधीपासून सांगतच होते. आम्ही ऐकलं नव्हतं. आईला पाणी हातात देणं सोपं असतं. तिच्याबरोबर रोज अर्धा तास चालायला वेळ काढावा लागतो.

आता गोळ्यांबरोबर संध्याकाळी असरनंतर आम्ही दोघं गल्लीतून चालतो. ज्याला उभं राहणं झेपतं त्यानं फर्ज नमाज उभ्यानं पढावी, हे अम्मीनंच मला लहानपणी शिकवलं होतं. खुर्ची अजून आहे. सजद्यासाठी अम्मी तिच्यावर बसते. कियाम मात्र उभ्यानं करते.