दोघांची सभा

माझे मामा मूळचे चंदगडकडचे. गेली अठरा वर्षे ते दादरा-नगर हवेलीतल्या रांधा गावी भाड्याच्या खोलीत राहतात आणि जवळच्या धाग्याच्या कारखान्यात पाळीवर काम करतात. मराठी वाचकाला सिल्व्हासा ठाऊक असते ते १९५४ च्या मुक्तिसंग्रामामुळे. तिथल्या कामगाराला ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते. शेजारच्या गुजरातेत राज्य स्थापन झाले तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. हद्द ओलांडली की इकडे दुकाने राजरोस उघडी. पिणारे तिकडून इकडे येतात. आमच्या मामांना हद्दही ओलांडावी लागत नव्हती.

गेल्या वर्षी मामीने मनाचा हिय्या करून त्यांना पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये नेले. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले हे व्यसनमुक्ती केंद्र. मामा तेथून कोरडे होऊन परतले. परतताना बजावण्यात आले होते की, घरी एकटे पडू नका, आपल्यासारख्यांच्या सभेला जात राहा. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सोपे आहे. रांध्यात सभा कुठून आणायची?

उन्हाळ्याच्या सुटीत मी तिकडे गेलो, तेव्हा हे काम माझ्या गळ्यात पडले. “तू शिकलेला. तूच फोन कर,” मामी म्हणाली. सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर उपचारकेंद्रांची चौकशी करता येते. पण आम्हाला आता उपचार नको होते, दारू सोडलेली माणसे हवी होती. मग ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या मुंबई कार्यालयाकडून एका सभेचा पत्ता मिळाला. सभा संध्याकाळी सातला, आणि रांध्याहून दोन वाहने बदलून जायचे. मामांच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. दुपारी तीन ते रात्री अकराच्या पाळीत सभा बुडालीच. रात्रपाळीच्या आठवड्यात सभा आटोपून अकराला कारखाना गाठायचा म्हणजे कसरत.

तरी आम्ही गेलो. सभा फक्त व्यसनींसाठी होती, त्यामुळे मी बाहेर पायरीवर चपलांच्या राखणीला. नऊ जोड होते. आत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही. बसमध्ये मामा आपण होऊन एवढेच म्हणाले, “तिथं कुणी मला शहाणपण शिकवलं नाही रे.”

तिथे मिळालेली पत्रके मात्र मी वाचून काढली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला चक्रावून टाकणारी ही संस्था आहे. वर्गणी नाही, बाहेरची देणगी कुणी देऊ केली तरी घेत नाहीत. सभासदांनी डब्यात टाकलेल्या पैशांवर सारा कारभार. आमच्या हिशेबाच्या पुस्तकात असले उदाहरण नाही. तिचा एक संस्थापक बिल हा शेअरबाजारातला माणूस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी त्याचा एक व्यवहार फिसकटला. हॉटेलातला बार समोर दिसत होता. त्याने चर्चच्या यादीतून क्रमांक काढून फोन लावले, आणि विचारले काय, तर मला बोलायला दुसरा एखादा दारुडा गाठून द्या! असा त्याला डॉक्टर बॉब भेटला. दोघे सुटले.

दोन व्यसनी दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र आले की त्यांचा गट होतो, असा त्यांचा संकेत आहे. भागीदारीच्या कायद्यालाही किमान दोनच माणसे लागतात, हे मी मामांना सांगितले. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दोघं पुरत असतील, तर दुसरा मला माहीत आहे.”

हा दुसरा त्यांच्याच खात्यातला, रांध्याचाच वारली गृहस्थ. काही महिन्यांपासून स्वतःच्या हिमतीवर कोरडा. त्याची वारली बोली आणि मामांची चंदगडी एकमेकांना चांगली कळते. दोघांच्या पाळ्या पाहून वार ठरतो. तासभर खोलीचे दार लोटलेले असते. निनावी राहण्याचे तत्त्व मोठ्या शहरात ठीक. इथे आळीत कोण कुणाकडे गेले हे चहा उकळायच्या आत कळते. घरमालकाने विचारलेच. मामीने सांगितले, भिशी आहे.

आपल्या भागात धर्मस्थळाच्या वतीने भरणारी मद्यवर्जन शिबिरे कन्नड विभागाच्या वाचकांना माहीत असतील. शिबिरातून बाहेर पडलेल्यांच्या तिथे ‘नवजीवन समित्या’ होतात. एका रात्री फोनवर मी मामांना हे सांगितले. नाव त्यांना फार आवडले. पण पाटी लावायची नाही, असेही म्हणाले.

मागच्या आठवड्यात तिसरा माणूस आला, तोही पिऊन. आत घ्यावे की नाही यावर दारातच चर्चा झाली. सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे, असे मामांचे म्हणणे. इच्छा आहे हे पिलेल्या माणसाकडून कसे कळावे, असे त्या गृहस्थाचे. अखेर त्याला दाराजवळ बसू दिले. तो भिंतीला टेकून झोपी गेला.

या आठवड्यात तो आला की नाही, हे मला अजून कळलेले नाही. मामांना सध्या दुसरी पाळी आहे; फोन रात्री अकरानंतर येतो.